रस्ते, गटारे आणि जाब विचारण्याचा हक्क

वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचे व्याख्यान आहे असे जाहीर झाले, की श्रोते गडकोटांच्या आणि लढायांच्या अपेक्षेने येऊन बसतात. आम्ही आज गटारांवर बोलणार आहोत. विषय कळल्यावर आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "त्यात इतिहास तो काय?" आम्ही त्यांस एवढेच सांगितले, की आपल्या घरचे सांडपाणी ज्या मोरीतून बाहेर जाते ती बांधली कोणी, तिचा खर्च दिला कोणी, आणि ती तुंबली तर कोणाच्या दारात जाऊन उभे राहावयाचे, हे तीन प्रश्न आहेत. पहिल्या दोहोंची उत्तरे इंजिनियर आणि हिशेबनीस देतात. तिसऱ्याचे उत्तर मिळवण्यासाठी मात्र मुंबई शहराला मोठा झगडा करावा लागला. तोच आमचा आजचा विषय.

१८५८ च्या कायद्याने मुंबईचा कारभार तीन कमिशनरांकडे होता. तिघांकडे म्हणजे कोणाकडेच नाही, हा अनुभव आपल्याकडे सामाईक विहिरीचा गाळ काढताना सर्वांना आलेला आहे. १८६५ साली कायदा बदलला आणि सगळा कारभार एका कमिशनरच्या हाती आला. आर्थर क्रॉफर्ड हे त्या जागेवरचे पहिले गृहस्थ. त्यांच्यावर देखरेख करावयाची ती सरकारने नेमलेल्या 'जस्टिस ऑफ द पीस' मंडळींनी. शेठ-सावकार, गोरे व्यापारी, सरकारी अंमलदार अशी ही मंडळी. शहराने निवडून दिलेला त्यांत एकही नव्हता.

क्रॉफर्ड साहेब कर्तबगार होते, हे त्यांच्या शत्रूंनीही नाकारले नाही. चरबी वितळवणारे, आतडी धुणारे, रंगारी यांचे दुर्गंधीचे धंदे त्यांनी भरवस्तीतून हलवले, रस्ते रुंद केले, त्यांवर खडी घालून ते दाबून घेतले, आणि १८६९ साली आपल्या नावाचे मार्केट उभे केले. परंतु हा सारा खर्च कापसाच्या तेजीतल्या हिशेबाने चालला होता, आणि अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ साली संपून ती तेजी तर केव्हाच बसली होती. १८७० पर्यंत पालिका कर्जाच्या गर्तेत सापडली. घरपट्टी भरणारे खवळले. १८७१ चे वर्ष मुंबईत सभांचे आणि अर्जांचे गेले. कमिशनरचे अधिकार काढून घ्या, कारभार एखाद्या मंडळाकडे द्या, अशी करदात्यांची मागणी होती.

अशा वेळी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये सव्वीस वर्षांचा एक बॅरिस्टर उभा राहिला आणि त्याने प्रवाहाविरुद्ध बाजू मांडली. हे फिरोजशहा मेहता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : काम करणारा हात एकच असू द्या, पण त्याला जाब विचारणारी सभा शहराने निवडलेली असावी. दोष कमिशनरच्या अधिकारात नाही, त्याच्यावर देखरेख करणारे लोकांना बांधलेले नाहीत, यात आहे. सभेला हे रुचले नाही. क्रॉफर्डची तरफदारी करतो म्हणून श्रोत्यांनी त्यांची हेटाळणी केली. आम्हांस मात्र वाटते, की मुंबईच्या रस्त्यांविषयी त्या वर्षी जे जे बोलले गेले, त्यात टिकाऊ असे हेच एक भाषण होते.

१८७२ चा कायदा बऱ्याच अंशी त्याच धोरणाने झाला. चौसष्ट सभासदांची कॉर्पोरेशन झाली. त्यांपैकी निम्मे करदात्यांनी निवडलेले, उरलेल्यांतले सोळा जस्टिसांनी आणि सोळा सरकारने नेमलेले. मताचा अधिकार होता तो वर्षाला पन्नास रुपये तरी पट्टी भरणाराला. म्हणजे घरमालकाला. ज्या चाळीमागून गटार वाहत होते त्या चाळीत राहणाऱ्या भाडेकऱ्याला मत नव्हते. ही गोष्ट श्रोत्यांनी लक्षात ठेवावी, ती पुढे उपयोगी पडेल.

आता या सभासदांपुढे प्रश्न कोणते होते ते पाहू. मुंबईत १८६० साली विहारचे पाणी आले, १८७९ साली तुळशीचे, १८९२ साली तानशाचे. प्रत्येक वेळी समारंभ झाले, आणि ते योग्यच होते. परंतु घरात पाणी आणले की ते बाहेरही न्यावे लागते. पूर्वी विहिरीवरून घागरी आणणारे कुटुंब जेवढे पाणी सांडी, त्याच्या कितीतरी पट पाणी नळ असलेले कुटुंब सांडू लागले. आत येणारे पाणी लोखंडी नळातून येई. बाहेर जाणारे पाणी मोरीतून दोन घरांमधल्या चिंचोळ्या गल्लीत पडे, आणि तेथेच जिरे. या गल्ल्या दोन-तीन हात रुंदीच्या. हलालखोर पाट्या घेऊन त्यांतून मैला काढी, आणि त्या कामाबद्दल पालिका हलालखोर-कर घेई. मुख्य गटारे बांधून मैलापाणी वरळीच्या लव्हग्रोव्हकडे न्यावयाचे आणि समुद्रात सोडावयाचे, यासाठी योजनेमागून योजना आणि अहवालामागून अहवाल झाले. मुख्य गटार झाले तरी त्याला गल्लीतली मोरी जोडणे हे काम घराघरापाशी जाऊन करावयाचे होते. त्यात समारंभ नाही आणि कोनशिलाही नाही.

रस्त्यांचे तसेच. पाण्याच्या नळासाठी रस्ता खणला. १८६५-६६ च्या सुमारास गॅसच्या दिव्यांसाठी खणला. १८७४ साली घोड्यांच्या ट्रामचे रूळ आले म्हणून खणला. १९०५ साली वीज आली तेव्हा तो पुन्हा खणला गेला. खणणारा प्रत्येक वेळी निराळा, आणि बुजवण्याची जबाबदारी त्याने आपापल्या मगदुराप्रमाणे पार पाडलेली. पदपथावर उखडलेल्या फरशा दिसल्या, की कोणी उखडल्या याचे उत्तर देणारे दोन असतात, बसवणारा एकही नसतो. हे आम्ही मुंबईविषयी सांगत आहोत. श्रोत्यांना आपले गाव आठवले तर त्याला आमचा इलाज नाही.

यावर सभासदाच्या हातात काय होते? दोनच गोष्टी : अंदाजपत्रकातला आकडा आणि सभेतला प्रश्न. १८८८ च्या कायद्याने या दोहोंना बळ आले. मूळ मसुद्यात कमिशनरला पालिकेच्या बरोबरीचे स्वतंत्र स्थान देण्याचा सरकारचा रोख होता. कायदेमंडळात फिरोजशहा आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग या दोघांनी कलमागणिक वाद घालून तो बदलून घेतला. शहराचा कारभार कॉर्पोरेशनच्या ठायी आहे आणि अंमलबजावणीचा अधिकार कमिशनरच्या ठायी आहे, असे चौसष्टावे कलम म्हणते. त्याआधीच्या एकसष्टाव्या कलमात पालिकेने केलीच पाहिजेत अशा कामांची यादी आहे. तिची सुरुवातच गटारे बांधणे, राखणे आणि साफ करणे यापासून होते. पुढे रस्त्यांची दुरुस्ती आणि दिवाबत्ती येते. 'राखणे' हा शब्द कायद्यात पडला, ही आमच्या मते त्या सालातली मोठी गोष्ट होय. जाता जाता सांगावयाचे, तर त्याच १८८८ साली क्रॉफर्ड साहेब पुण्याकडे लाचलुचपतीच्या प्रकरणात सापडले आणि पुढे नोकरीला मुकले.

कायद्यात एक पळवाटही होती, आणि ती आजही आहे. रस्ता 'खाजगी' असेल तर तो समतल करणे, फरसबंद करणे, त्याला गटार काढणे हे लगतच्या मालकांचे काम. ते झाल्यावर मग पालिका तो आपला म्हणून जाहीर करते. सभासद एखाद्या गल्लीची तक्रार घेऊन उभा राहिला, की त्याच्यापुढे पहिल्यांदा हे कलम ठेवता येते. मालक करीत नाही, पालिका करू शकत नाही, आणि पाणी वाट पाहत नाही.

१८९६ च्या सप्टेंबरात याचा हिशेब पुढे आला असे मुंबईकरांना वाटले. डॉ. अकासियो गाब्रियेल व्हिएगस हे गोव्यातील हडफडे गावचे. मुंबईत मांडवीकडे त्यांचे रोगी असत, आणि ते पालिकेचे सभासदही होते. गाठी येऊन ताप भरलेले रोगी पाहून हा प्लेग आहे हे त्यांनी ओळखले, आणि स्थायी समितीत उठून तसे सांगितले. दवाखान्यात दिसलेली गोष्ट त्याच आठवड्यात अधिकाऱ्यांच्या तोंडावर सांगता येईल अशी जागा त्यांच्यापाशी होती, हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. नुसत्या डॉक्टरला अर्ज करावा लागला असता. १९०६ साली ते पालिकेचे अध्यक्ष झाले. मेट्रो सिनेमाजवळ त्यांचा पुतळा आहे. शेजारून जाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना तो कोणाचा हे सांगता येते.

पुढे जे झाले त्यात एक गंमत आहे, जरी ती कडू आहे. प्लेग घाणीतून उपजतो या समजुतीने शहराची गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिकने धुऊन काढण्यात आली. प्लेग हटला नाही. मांडवी ही धान्याच्या वखारींची पेठ. तेथे उंदीर मरत होते. उंदरांवरच्या पिसवांतून रोग पसरतो हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली मांडले, आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली. म्हणजे गटारांसाठी वर्षानुवर्षे घसा कोरडा करणारे सभासद प्लेगच्या कारणाविषयी चुकले होते. गटारांविषयी मात्र त्यांचे बरोबर होते. पटकी काही उंदरांतून येत नव्हती.

सरकारने यातून निराळाच निष्कर्ष काढला. सभासद घरमालकांच्या मतावर निवडून येतात, ते घरमालकांच्या गल्ल्या कशा पाडतील, हा सरकारचा आक्षेप. तो अगदीच खोटा नव्हता. पन्नास रुपयांच्या मताची आठवण श्रोत्यांना असेलच. त्यावर औषध मताचा हक्क भाडेकऱ्यापर्यंत नेणे हे होते. सरकारने १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नावाचे वेगळे मंडळ काढले. ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट केला, सँडहर्स्ट रोड केला. दाट वस्तीतून समुद्राचा वारा खेळावा म्हणून हे रुंद रस्ते कापले. रस्ते चांगलेच झाले. परंतु सुरुवातीच्या वर्षांत पाडापाड पुढे आणि बांधकाम मागे राहिले, आणि उठवलेली माणसे शेजारच्याच चाळींत दाटीने शिरली. नव्या रस्त्याला राजकन्येचे नाव आले, गव्हर्नराचे आले. शेजारच्या गल्लीच्या मोरीला नाव नव्हतेच. १९३३ साली ट्रस्ट पालिकेत विलीन झाला. भाडेकऱ्यांना मत मिळू लागले ते १९२२ च्या कायद्याने, आणि सर्व प्रौढांनी मत दिले ते १९४८ साली.

नावांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. पुण्याच्या म्युनिसिपालिटीचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी नव्या मंडईच्या मोठ्या खर्चास विरोध केला होता. मंडई झालीच, १८८६ साली ती रे साहेबांच्या नावाने उघडली. आज तिला महात्मा फुले यांचे नाव आहे. आणि मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही तेच.

पुढची कथा श्रोत्यांच्या डोळ्यांसमोरची आहे. मुंबईच्या पावसाळी गटारांचा मोठा अहवाल, ज्याला 'ब्रिमस्टोवॅड' म्हणतात, तो १९९३ साली तयार झाला. जुनी गटारे तासाला पंचवीस मिलिमीटर पावसाच्या हिशेबाची. अहवाल बहुतांशी कपाटात असतानाच २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढा पाऊस कोणत्याच गटाराने ओढून नेला नसता, हे कबूल. परंतु बारा वर्षे त्या अहवालाचे काय चालले होते, हा प्रश्न सभागृहात विचारता येत होता आणि विचारला जावयास हवा होता.

७ मार्च २०२२ रोजी मुंबईच्या २२७ नगरसेवकांची मुदत संपली. निवडणूक झाली नाही. पुढे तीन वर्षांहून अधिक काळ आयुक्त हेच प्रशासक होते. कॉर्पोरेशनचे अधिकार त्यांचे, स्थायी समितीचे त्यांचे, आणि अंमलबजावणीचे तर होतेच. चौसष्टाव्या कलमाने ज्या दोन जागा वेगळ्या केल्या, त्या एका खुर्चीत आल्या. अंदाजपत्रक तयार करणारे कार्यालय आणि मंजूर करणारे कार्यालय एकच झाले. रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाची सुमारे सहा हजार कोटी रुपयांची कामे याच काळात दिली गेली. ती बरी की वाईट, हे आम्ही येथे ठरवीत नाही. १८६५ ते १८७२ या काळातही कामे झाली होतीच.

त्या वर्षांत गिरगावातल्या आमच्या एका नातलगांच्या चाळीमागची गल्ली तुंबली. ते सवयीने आपल्या नगरसेवकाच्या कार्यालयात गेले. दार उघडे होते, गृहस्थ बसलेले होते, चहाही आला. अर्ज त्यांनी नीट वाचला आणि परत केला. "काका, वॉर्ड ऑफिसात द्या," ते म्हणाले, "मी पत्र लिहू शकतो, पण मला आता प्रश्न विचारता येत नाही."