सातबाऱ्यावरचं ‘कूळ’ आणि चरीचा संप

आज पिकाचं नाही, सातबाऱ्याचं बोलू.

पुष्कळांच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात ‘कूळ कायदा कलम ४३’ असा शेरा असतो. २०१४ च्या दुरुस्तीआधी विक्रीला सरसकट परवानगी लागायची, म्हणून आपण त्याला वैतागायचो. पण कसणाऱ्याची जमीन कसणाऱ्याला मिळाली, त्याची ती खूण आहे. आणि ती कुणी दया म्हणून दिलेली नाही.

कोकणात खोती होती. खोत म्हणजे मूळचा गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा. पुढं तोच मालकासारखा वागू लागला. चिखलात राबायचं कुळानं, भाताचा मोठा वाटा खंड म्हणून खोताच्या घरात. वर वेठबिगार. जमीन कधी काढून घेतील याचा नेम नाही.

अलिबागजवळच्या चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ ला शेतकऱ्यांची सभा झाली. पुढारी नारायण नागू पाटील. ठरलं एवढंच, की खोताची जमीन कसायची नाही. आसपासची २५ गावं यात उतरली.

विचार करा, कागद खोताकडं, पैसा खोताकडं, कोर्टकचेरीची ताकद खोताकडं. कुळाकडं फक्त नांगर धरणारा हात. तोच त्यांनी काढून घेतला. खाचरं ओस पडली, गवत माजलं. कुळांचेही हाल झाले. लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून दिवस काढले. एक घर फुटून जमीन कसायला गेलं असतं तर दुसरं गेलं असतं. पण संप १९३९ पर्यंत टिकला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर या लढ्याच्या पाठीशी होते. १९३७ मध्ये त्यांनी कायदेमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं. १० जानेवारी १९३८ ला मुंबईत कौन्सिलवर शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा नेला. ते विधेयक काही मंजूर झालं नाही. पण १९३९ च्या कायद्यात ‘संरक्षित कूळ’ आलं, १९४८ ला मोठा कूळ कायदा झाला, १९४९ च्या कायद्यानं खोती गेली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून कूळ मालक झालं.

अर्ज-विनंत्या संपाआधीही होत होत्या. न्याय कायद्यानंच मिळाला हे खरं, पण कसणाऱ्यानं ‘नाही’ म्हटल्यावरच कायदा हलला.

घरातले जुने फेरफार काढा. कूळ म्हणून कुणाचं नाव लागलंय ते पोरांना दाखवा.