शिंका, सुस्ती आणि डॉ. बॉस्टॉक

मागच्या वीकेंडला बोरी बुद्रुकला जाऊन आलो. तिथे कुकडीच्या काठी टोबा ज्वालामुखीची राख आहे, पार सुमात्राहून वाऱ्यावर आलेली! राख पाहिली, पण वाटेत जिकडेतिकडे गाजरगवत फुललेलं. सोमवारी ऑफिसात शिंकांनी बेजार, आणि अंगात त्राण म्हणून नाही. टीम लीड म्हणाला, "साध्या सर्दीने कोणी इतकं थकतं का रे?"

थकतं. आणि याची नोंद दोनशे वर्षांपूर्वीची आहे. १८१९ साली लंडनच्या डॉ. जॉन बॉस्टॉकने एका रुग्णाची हकिगत मांडली. दर उन्हाळ्यात डोळे चुरचुरतात, शिंका येतात, माणूस गळून जातो. तो रुग्ण म्हणजे खुद्द बॉस्टॉकच! त्याने दोष दिला उन्हाला. खरा गुन्हेगार १८७३ साली चार्ल्स ब्लॅकलीने पकडला, तो म्हणजे परागकण. पठ्ठ्याने स्वतःवरच प्रयोग केले आणि उंचावरचे पराग पकडायला चक्क पतंग उडवले.

आपल्याकडचं गाजरगवत मूळचं अमेरिका खंडातलं. १९५०च्या दशकात ते पुण्यात नोंदवलं गेलं आणि मग देशभर पसरलं. म्हणजे राखेसारखंच तेही परदेशी पाहुणं, फक्त जरा उशिरा आलेलं.

आता थकवा का? एक, नाक चोंदल्याने झोप तुटत राहते, आठ तास लोळूनही ताजंतवानं वाटत नाही. दोन, शरीर परागांना शत्रू समजून लढतं. त्या लढाईत सुटणारी रसायनं मेंदूपर्यंत सुस्तीचा निरोप पोचवतात. तीन, औषध! पहिलं अँटिहिस्टामिन १९३७ साली डॅनिएल बोव्हे यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. पण हिस्टामिन मेंदूला जागंही ठेवतं. क्लोरफेनिरामाइनसारख्या जुन्या गोळ्या मेंदूत शिरून तेच अडवतात. मी नेमकी तीच घेऊन मीटिंगमध्ये पेंगत होतो.

डॉक्टरांनी गोळी बदलून फेक्सोफेनाडिन दिली, सोबत नाकाचा स्टिरॉइड स्प्रे. तो रोज मारायचा, गुण यायला काही दिवस लागतात. शिवाय उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुणं, बाहेरून आल्यावर आंघोळ, गवताजवळ मास्क. दम लागला किंवा छातीत घरघर झाली तर मात्र थांबू नका, दाखवून या.

असो. टीम लीडला बॉस्टॉकची गोष्ट सांगितली. हसला, पण त्या दिवशी लवकर घरी सोडलं.