सुरतेची लूट : साक्षीदार आणि त्यांची नजर

छत्रपती शिवाजी महाराजांच्या सुरतेवरील पहिल्या स्वारीची (जानेवारी १६६४) समकालीन माहिती बव्हंशी युरोपीय वखारींच्या कागदपत्रांतून मिळते. मुघल अधिकारी इनायतखान किल्ल्यात दडून बसला असता जॉर्ज ऑक्झेंडनने इंग्रज वखार लढवली. तिथल्यांना दिसली जळती घरे आणि जीव मुठीत धरून पळणारी माणसे. त्यांच्या पत्रांत महाराज निव्वळ बंडखोर व लुटारू ठरले, यात नवल नाही. वखारीतून पुणे दिसत नव्हते. १६६० पासून मुघल सरदार शायिस्ताखानाच्या फौजांनी तुडवलेला पुण्याकडचा मुलूख आणि त्याची भरपाई मुघलांच्या संपन्न बंदरातून करण्याचा हिशेब त्यांच्या नजरेपलीकडचा होता. तरी परकीय साधनांत केवळ लूटच दिसते असे नाही: कॅपुचिन पाद्री अँब्रोझ यांच्या निवासाला धक्का लावला गेला नाही, हे फ्रेंच प्रवासी बर्निए नोंदवतो.

मग परकीयांची साक्ष पूर्वग्रहदूषित म्हणून सरसकट बाजूला सारावी, असे आपल्याकडे हमखास म्हटले जाते. ते टिकत नाही. मराठ्यांच्या छावणीत कैद झालेल्या अँथनी स्मिथ या इंग्रजाने लोकांचे हात तोडलेले पाहिल्याचे सांगितले. हेतू समजला म्हणून ही क्रूरता पुसली जात नाही. वखारवाले फसले ते डोळ्यांपुढच्या चार दिवसांवरून हेतू ठरवताना. उलट, सभासदाची बखर मराठ्यांची बाजू जाणते. पण ती सुमारे तीन दशकांनंतर, दूर जिंजीत लिहिली गेली. दोन्ही साधने शेजारी ठेवूनच ही स्वारी अभ्यासली पाहिजे.