विहार, ग्रंथ आणि ग्रंथपाल

14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला आणि दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबरला, आपल्या चांद्याला बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली, हे आपल्या पोरासोरांनाही तोंडपाठ आहे. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांची त्यामागची खटपट जुनी माणसं सांगत आली. पण दीक्षेच्या पाठीमागं एक पुस्तक उभं आहे, त्याचा उल्लेख आपल्या भाषणांत घाईघाईनं उरकला जातो. विहाराच्या कपाटाची किल्ली माझ्याकडं असल्यामुळं मला त्या पुस्तकाबद्दल लिहावंसं वाटलं.

1907 साली भीमराव मॅट्रिक पास झाले. चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा वाचत बसतो, हे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी हेरलं होतं. सत्काराच्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धांचं चरित्र त्या मुलाच्या हातात दिलं. गुरुजी शिक्षक होते, ग्रंथपाल नव्हते. पण कोणाला वाचायची भूक आहे हे ओळखायचं आणि नेमकं पुस्तक त्याच्यापुढं करायचं, हेच तर ग्रंथपालाचं काम! त्या पुस्तकापासून नागपूर-चांद्यापर्यंत 49 वर्षं लागली. गुरुजींनी ते कुलुपात ठेवलं असतं तर?

गुरुजींच्याच खटपटीनं पुढं सयाजीराव गायकवाडांची मदत मिळाली आणि 1913 साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. ह्याच सयाजीरावांनी 1910 साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बडोद्याला आणला होता. खेड्यापाड्यांत पेट्या भरभरून पुस्तकं पाठवण्याची व्यवस्था त्या संस्थानात उभी राहिली. भामरागड, एटापल्लीच्या वाटेनं त्या काळी अशी एखादी पेटी आली असती तर, असं मनात येतं. असो.

बाबासाहेबांचं पुस्तकवेड सर्वांना ठाऊक आहे. 1917 साली परत येताना पुस्तकांच्या पेट्या ज्या जहाजावर चढवल्या होत्या ते महायुद्धात बुडालं. माणसानं पुन्हा जमवायला सुरुवात केली आणि दादरला राजगृह बांधलं ते ग्रंथांसाठीच. आता आमच्या कमिटीतले काही जण मला म्हणतात, "भाऊ, बाबासाहेब स्वतः कोणाला पुस्तक नेऊ देत नव्हते, मग तुम्ही कशाला वाटता?" गोष्ट खरी आहे. पण तो ग्रंथांवर रात्रंदिवस काम करणारा माणूस होता. आमच्या मिलमधला फिटर तरी आपला पाना दुसऱ्याला देतो का? आणि ह्याच बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, 1946 साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं आणि आपल्या संग्रहातली पुष्कळ पुस्तकं तिथल्या विद्यार्थ्यांसाठी दिली, हे का विसरायचं?

त्या सिद्धार्थ कॉलेजचे ग्रंथपाल होते शां. शं. रेगे. हे नाव आपल्या वस्तीत फार कोणी घेत नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ इंग्रजीत 1957 ला, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, बाहेर आला. त्याच्या मराठी अनुवादाचं काम तिघांनी केलं: घनश्याम तळवटकर, म. भि. चिटणीस आणि हे रेगे. वर्षावासात रोवण्यावरून आलेल्या, पायाला चिखल असलेल्या आपल्या बाया तीन महिने जे वाचन ऐकतात, त्यात एका ग्रंथपालाचा हात आहे.

1979 पासून शासनानं बाबासाहेबांचे खंड काढायला घेतले. ते काम वसंत मून ह्या आपल्या नागपूरच्या माणसानं खपून उभं केलं. आपण दीक्षाभूमीवरून ते विकत आणतो, कपड्यात बांधून ठेवतो, 14 एप्रिलला हार घालतो. ह्या भक्तीला मी नावं ठेवत नाही. पण उन्हाळ्यात न उघडलेल्या खंडाला पावसाळ्यात वाळवी लागलेली मी पाहिली आहे. कडुलिंबाचा पाला घातला, नेप्थलीनच्या गोळ्या टाकल्या. हाताळलेल्या पुस्तकाला मात्र वाळवी सहसा लागत नाही. कागद चंद्रपूर-गडचिरोलीच्या बांबूचा होतो, आयुष्यभर तोच करत आलो, म्हणून त्याची नासाडी बघवत नाही.

पुस्तकं हरवतात, हेही खरं. नोंदवहीत बाकी निघते. पण न आलेल्या पुस्तकाच्या मागं घरोघर गेलं की बहुतेक वेळा ते शेजारच्या घरी, नाही तर सासरी गेलेल्या पोरीकडं निघतं. त्याला हरवलं कसं म्हणायचं?

अलीकडं पोरं वनरक्षक आणि पोलीस भरतीच्या गाईड घेऊन विहारात बसतात. काही वडीलधाऱ्यांना ते रुचत नाही. विहार काय नोकरीसाठी आहे का, म्हणतात. मी म्हणतो, बसू द्या. घरी दोन खोल्यांत सहा माणसं आणि टीव्ही. इथं ट्यूबलाईट आहे, पंखा आहे. गाईड वाचता वाचता एक पोरगी परवा 'जातिसंस्थेचे उच्चाटन' मागून घेऊन गेली. मी दिलं म्हणून नाही, कपाट उघडं होतं आणि समोर दिसलं म्हणून.

ह्या वर्धापनदिनापासून कपाट रोज सायंवंदनेनंतर दीड तास उघडं राहील. मी दुसऱ्या पाळीला असलो की किल्ली महिला मंडळाकडं असेल. लहान मुलांची पुस्तकं फार कमी आहेत. ज्यांच्या घरी पडून असतील त्यांनी आणून द्यावीत. फाटकी असली तरी चालतील, शिवायला सुई-दोरा आहे.

जय भीम!