सोंगाची मजुरी

गिरणीत मजूर कापड काढी तेव्हा त्याचा चेहरा कसा आहे याची विचारपूस जॉबर करीत नसे. तो हसतमुख असो की कपाळाला आठ्या घालून उभा असो, सूत तुटले नाही आणि साचा थांबला नाही म्हणजे झाले. हातांची मजुरी गिरणीमालक देई. चेहरा ज्याचा त्याच्यापाशी राही. पण गेल्या सव्वाशे वर्षांत मजुरीची एक नवीच जात जगात निपजली आहे. तिच्यात चेहरा हाच माल असतो. माणूस होडी चालवतो, पाळण्याची खिटी ओढतो, दार उघडतो. पण एवढ्याने त्याचे काम पुरे होत नाही. होडी चालवताना त्याने आफ्रिकेतला खलाशी बनायचे, दार उघडताना भुताच्या वाड्यातला नोकर बनायचे, आणि पाहुणा समोर आहे तोवर त्या सोंगातून क्षणभरही बाहेर यायचे नाही. मोठमोठ्या करमणूक उद्यानांतल्या या सोंगाड्या कामगारांचा इतिहास आज आपण पाहणार आहोत. विषय करमणुकीचा दिसतो खरा. पण त्याच्या पोटात एक जुनाच प्रश्न दडलेला आहे. माणसाने आपल्या श्रमाबरोबर आपला चेहराही विकला, तर त्याचे मोल कोणी आणि कसे ठरवावे?

या धंद्याचे बीज प्रदर्शनांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत प्रचंड प्रदर्शने भरू लागली आणि यंत्रांच्या जोडीला माणसेही मांडली जाऊ लागली. १८८६ साली लंडनमध्ये साउथ केन्सिंग्टन येथे वसाहतींचे व हिंदुस्थानचे प्रदर्शन भरले. तेथे उभारलेल्या हिंदी राजवाड्याच्या चौकात आपले ३४ कारागीर बसवलेले होते. कोणी चाकावर मडकी घडवी, कोणी गालिचा विणी. पिढ्यान्‌पिढ्या खेड्यात बसून आपली कला जोपासणारे हे परंपरागत कारागीर, अशी त्यांची ओळख प्रेक्षकांना करून दिलेली होती. वस्तुतः त्यांच्यापैकी बरेचजण आग्र्याच्या तुरुंगातून आणलेले होते आणि आपले हुन्नर तुरुंगातच शिकलेले होते. बक्षीराम नावाचा त्यांच्यातला एक कुंभार १०२ वर्षांचा असल्याचे सांगितले जाई. व्हिक्टोरिया राणीने रुडॉल्फ स्वोबोदा या चित्रकाराकडून त्याची आणि इतर काहींची चित्रे काढवून घेतली. त्या चित्रात बक्षीराम आजही आपल्याकडे पाहतो आहे. खेड्यातल्या कारागिराचे सोंग त्याने निवडले नव्हते. ते त्याच्यावर चढवले होते.

प्रदर्शनातली ही कल्पना पुढे अमेरिकेत पाळण्यांच्या धंद्यात शिरली. १९०१ साली बफेलो येथील प्रदर्शनात फ्रेडरिक थॉम्पसन याने ‘चंद्राची सफर’ नावाचा खेळ मांडला. प्रेक्षक पंखांच्या एका विमाननौकेत बसत, नौका हेलकावे खाई, खिडकीबाहेरची चित्रे सरकत, आणि मंडळी ‘चंद्रावर’ उतरत. खरी गंमत पुढेच होती. तेथे चंद्रावरचे रहिवासी म्हणून सोंगे घेतलेली माणसे उभी असत, आणि चंद्रकन्या नाच करून पाहुण्यांना हिरव्या चीजचे तुकडे वाटीत. चंद्र चीजचा बनलेला आहे, असा तिकडे एक बालिश समज आहे ना! हाच खेळ न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर गेला आणि १९०३ साली थॉम्पसन व एल्मर डंडी या जोडीने तेथे ‘लूना पार्क’ उघडले. यंत्राने पाहुण्याला हलवायचे आणि माणसाने त्याला भुलवायचे, ही वाटणी येथे पक्की झाली.

शेजारीच १९०४ साली ‘ड्रीमलँड’ उघडले. त्यात बुटक्या माणसांचे एक छोटेखानी शहर वसवलेले होते. तेथे सुमारे ३०० माणसे हंगामभर राहत, आणि त्यांचा स्वतःचा चिमुकला अग्निशामक बंब खोट्या आगी विझवण्यासाठी धावत सुटे. लंडनचे कारागीर निदान दिवसाचे काम संपवून उठत असतील. या लोकांचे घर हाच रंगमंच होता. त्यांना पडद्यामागे जायला जागाच नव्हती. १९११ साली ड्रीमलँड खऱ्या आगीत भस्मसात झाले.

यानंतर आपण एकदम १९५५ साली येतो, कारण त्या वर्षी या धंद्याला शास्त्राचे रूप आले. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे वॉल्ट डिस्ने याने डिस्नेलँड उघडले. डिस्ने हा चित्रपटवाला. १९४१ साली त्याच्या स्टुडिओतील चित्रकारांनी संप केला होता, आणि १९४७ साली अमेरिकन संसदेच्या समितीपुढे साक्ष देताना त्याने त्या संपाचे खापर कम्युनिस्टांवर फोडले होते. अशा मालकाच्या उद्यानात कामगारांना जो शब्द मिळाला तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. तेथे नोकराला नोकर म्हणत नाहीत, ‘कास्ट मेंबर’ म्हणतात; म्हणजे नाटकाच्या नटसंचातला एक. गिऱ्हाइकाला गिऱ्हाईक म्हणत नाहीत, पाहुणा म्हणतात. गणवेशाला वेष म्हणायचे, कामावर असणे म्हणजे ‘ऑनस्टेज’, आणि विश्रांतीची जागा ती ‘बॅकस्टेज’. नव्या माणसांना ही परिभाषा शिकवण्यासाठी व्हॅन फ्रान्स या गृहस्थाने उद्यान उघडतानाच शिक्षणवर्ग सुरू केले. आपण पाळणे फिरवत नाही, लोकांसाठी सुख निर्माण करतो, हा त्या वर्गातला पहिला धडा होता.

ही नटमंडळी काम कसे करीत ते पाहा. उद्घाटनाच्या दिवसापासून तेथे ‘जंगल क्रूझ’ ही नौकाविहाराची सफर आहे. नावाडी सुकाणू धरून वळणे घेताना दिसतो. वास्तविक होडी पाण्याखालच्या रुळावरून चालते. म्हणजे सुकाणू धरणे हादेखील अभिनयच! आरंभी नावाड्याचे भाषण निसर्गाच्या माहितीपटासारखे गंभीर असे. १९६०च्या दशकाच्या आरंभी त्यात विनोद घातले गेले आणि तेव्हापासून नावाड्याची कीर्ती त्याच्या कोट्यांवर चालते. तीच सफर आणि त्याच कोट्या दिवसातून कित्येकदा; पण होडीतल्या माणसांसाठी प्रत्येक कोटी पहिल्यांदाच सुचल्यासारखी म्हणायची. शिवाय संहिता मालकाची. आफ्रिकेतल्या माणसांना नरमुंड गोळा करणारे रानटी म्हणून दाखवणारे देखावे त्या सफरीत होते. ते बदलण्याची घोषणा २०२१ साली झाली. तोपर्यंतच्या नावाड्यांना ते देखावे मनातून पटोत वा न पटोत, पाहुण्यांना हसतच दाखवावे लागले.

१९६९ साली तेथे ‘हाँटेड मॅन्शन’ हा भुताचा वाडा उघडला. त्यातल्या नोकरांनी मात्र गंभीर राहायचे, हसायचे नाही, असा दंडक पडला. सगळ्या उद्यानात हसण्याची सक्ती आणि एका वाड्यात न हसण्याची! दोन्ही ठिकाणी हुकूम चेहऱ्यावरच. हुकमाची हद्द ओठांपाशीच संपत नव्हती. पुरुष कामगारांना मिशी ठेवण्याची परवानगी २००० साली मिळाली आणि दाढीची २०१२ साली. १९७१ साली फ्लोरिडात दुसरे उद्यान उघडले, तेव्हा त्याच्या खालच्या मजल्यावर बोगदेच बांधले गेले. एका गावचे सोंग दुसऱ्या गावातून जाताना पाहुण्यांच्या दृष्टीस पडू नये म्हणून.

विद्वानांचे लक्ष या श्रमाकडे जरा उशिरा गेले. आर्ली हॉक्शिल्ड या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९८३ साली विमानातील परिचारिकांच्या कामावर पुस्तक लिहून ‘भावनिक श्रम’ हा शब्द रूढ केला. ठरलेली भावना चेहऱ्यावर आणणे, एवढेच नव्हे तर ती मनात उत्पन्न करणे, हाही श्रम आहे आणि त्यानेही माणूस थकतो, असे तिने दाखवले. जॉन व्हॅन मानेन या प्राध्यापकाने एकेकाळी स्वतः डिस्नेलँडमध्ये पाळण्यांवर काम केलेले होते. १९९१ साली त्याने त्या जागेला हास्याचा कारखाना म्हटले. उद्धट पाहुण्याचा सूड कामगार कसा घेत, तेही त्याने नोंदवले आहे. हसत हसत त्याचा कमरपट्टा जरा जास्तच आवळायचा! कामगार चळवळीत उमर घालवलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. जेथे तक्रारीला तोंड नसते तेथे ती बोटांतून बाहेर पडते.

आता या कामगारांच्या लढ्याकडे वळू. १९८४ च्या शरद ऋतूत डिस्नेलँडच्या पाच युनियनांचा संप झाला. वेतन गोठवण्याच्या प्रस्तावावरून वाद पेटला आणि संप २२ दिवस चालला. सुखाच्या राज्याच्या दाराशी फलक घेऊन उभी राहिलेली ही माणसे त्या दिवसांत प्रथमच विनासोंग पाहुण्यांसमोर आली. 

पण काही गाऱ्हाणी वेतनाहूनही मूलभूत होती. मिकी उंदीर, प्लूटो कुत्रा यांच्या अवजड वेषांत घरचे अंतर्वस्त्र गोळा होते, म्हणून फ्लोरिडात कंपनीचे अंतर्वस्त्र घालावे लागे. ते रात्री परत करायचे आणि दुसऱ्या दिवशी ढिगातून दुसरे उचलायचे. कामगारांनी उवांच्या आणि खरजेच्या तक्रारी केल्या. अखेर २००१ साली टीमस्टर्स युनियनने करारात प्रत्येकाला स्वतःचे वेगळे अंतर्वस्त्र आणि ते घरी नेऊन धुण्याचा हक्क मिळवला. श्रोत्यांना हसू येईल. पण जगातल्या सर्वांत श्रीमंत करमणूक कंपन्यांपैकी एकीत स्वच्छ अंतर्वस्त्रासाठी युनियन लागते, हे विसरू नका. ११ फेब्रुवारी २००४ रोजी त्याच उद्यानातल्या मिरवणुकीत प्लूटोच्या वेषातला एक कामगार चित्ररथाखाली सापडून मरण पावला. सरकारी सुरक्षा खात्याने कंपनीला ६,३०० डॉलर दंड केला.

आपल्याकडे म्हण आहे, सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. २०१८ साली अनाहाइमच्या कामगारांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. तिला उत्तरे देणाऱ्यांपैकी जवळजवळ तीनचतुर्थांश लोकांनी सांगितले की, महिन्याचा मूलभूत खर्च मिळकतीतून भागत नाही. दर दहांतील एकाहून अधिक माणसे गेल्या दोन वर्षांत कधी ना कधी बेघर झालेली होती. दिवसा राजवाड्याच्या दारात उभे राहायचे आणि रात्री मोटारीत झोपायचे, अशीही माणसे त्यांत होती.

या इतिहासाचा सर्वांत बोधप्रद प्रसंग २०२४ सालचा आहे. डिस्नेलँडमधील पात्रे वठवणाऱ्या आणि मिरवणुकीत नाचणाऱ्या सुमारे १,७०० कामगारांनी तोवर युनियन केलेली नव्हती. त्यांनी निवड केली ती ‘ॲक्टर्स इक्विटी’ या संघटनेची. म्हणजे नाटकातल्या नटांच्या युनियनची. ही संघटना १९१३ साली स्थापन झाली. त्या काळी अमेरिकन नटांना तालमीचे पैसे मिळत नसत आणि अनेकांना वेष पदरमोड करून आणावे लागत. १९१९ साली संप करून त्यांनी न्यूयॉर्कची नाटकगृहे बंद पाडली आणि आपले हक्क मान्य करून घेतले. मे २०२४ मध्ये डिस्नेलँडमध्ये मतदान झाले : ९५३ युनियनच्या बाजूने, २५८ विरुद्ध.

यातले मर्म ध्यानात घ्यावे. १९५५ साली मालकाने कामगाराला ‘नट’ म्हटले. त्यात गौरव होता. आणि गौरवाला पैसे पडत नाहीत, हीही सोय होती. नट म्हटले की तासांचा हिशेब करणे कोतेपणाचे दिसते, पाय दुखतात म्हणणे बेसूर वाटते. कामगारांनी तो शब्द झिडकारला नाही. त्यांनी तो खरा मानला. आम्ही नट आहोत ना? मग नटाला मिळते ते आम्हांला द्या : तालमीचे पैसे, धुतलेला वेष, अंगाला झोंबणाऱ्या पाहुण्यापासून संरक्षण, आणि पडद्यामागे बसायला वेळ. शब्द मालकाचा होता. त्याचा अर्थ कामगारांनी वसूल केला.

आपल्या खेड्यांत बहुरूपी येई. पोलीस बनून दरडावी, घरधन्याला क्षणभर घाबरवी. पण शेवटी सोंग बाजूला ठेवून, मी बहुरूपी, माझी बिदागी द्या, असे उघड म्हणे. सोंगाचा अपमान त्यात कोणाला वाटत नसे. उलट चांगले सोंग आणल्याबद्दलच पैसे मिळत. नव्या जगातल्या सोंगाड्याला एवढेच करण्याची मुभा नव्हती. त्याने सोंग उतरवून बिदागी मागितली की पाहुण्यांचे स्वप्न भंगते, असे त्याला सांगण्यात आले.

हे प्रकरण आता सातासमुद्रापलीकडचे राहिलेले नाही. खोपोलीजवळ २०१३ साली असेच एक उद्यान उघडले, आणि मॉलच्या दारात अस्वलाचे डोके घालून मुलांशी हस्तांदोलन करणारा माणूस आपण आपल्या गावातही पाहतो. वैशाखात मुलांना तेथे नेताना एवढे करावे. सोंगाचा आनंद मनसोक्त लुटावा. ते मोठ्या कष्टाने आणलेले असते. पण मुलाने अस्वलाची शेपूट ओढली, तर त्याचा हात धरावा आणि सांगावे की, बाळ, आत एक माणूस आहे, त्याला उकडते आहे, आणि त्याची पाळी संपायला अजून दोन तास आहेत.