रोव्हिंग मार्स

मंगळावर उतरलेल्या ‘स्पिरिट’ आणि ‘ऑपर्च्युनिटी’ या नासाच्या जुळ्या रोव्हरवरील अमेरिकी माहितीपट. आयमॅक्सच्या महापडद्यासाठी काढलेला, सुमारे ४० मिनिटांचा हा चित्रपट २७ जानेवारी २००६ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शन जॉर्ज बटलर यांचे, संगीत फिलिप ग्लास यांचे, निवेदन पॉल न्यूमन यांचे. आधार आहे मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ स्टीव्ह स्क्वायर्स यांच्या याच नावाच्या २००५ मधील पुस्तकाचा.

बटलर यांच्यापुढची खरी अडचण साधीच होती: जिथे कॅमेरामन जाऊ शकत नाही, तिथला चित्रपट काढायचा कसा? आयमॅक्सची फिल्म ७० मिलिमीटर रुंद आणि प्रोजेक्टरमधून आडवी धावणारी. तिच्या एकेका चौकटीत मावणारा तपशील अफाट. उलट रोव्हरच्या डोळ्याची, म्हणजे ‘पॅनकॅम’ची, एक प्रतिमा जेमतेम दहा लाख बिंदूंची. वेगवेगळ्या फिल्टरमधून टिपलेले असे असंख्य तुकडे जोडून विस्तीर्ण दृश्यपट तयार झाले आणि तेच पडद्यावर आले. हालचाल मात्र छायाचित्रांत नसते. ती डॅन मास यांनी संगणकावर निर्माण केली. चित्रपटातला धावता रोव्हर म्हणूनच कोणी प्रत्यक्ष चित्रित केलेला नाही, हे प्रेक्षकाने ध्यानात ठेवलेले बरे.

चित्रपटाची ताकद मात्र पृथ्वीवरच्या भागात अधिक आहे. चाचणीत टराटरा फाटणारे पॅराशूट, त्यामुळे हबकलेले अभियंते, मग जून-जुलै २००३ मधली डेल्टा रॉकेटची दोन उड्डाणे. जानेवारी २००४ मध्ये दोन्ही याने हवेच्या पिशव्यांत गुंडाळलेली, टप्पे खात उतरली. ऑपर्च्युनिटी तर घरंगळत नेमकी सुमारे २२ मीटर रुंदीच्या एका लहानशा विवरात जाऊन थांबली. तिथल्या खडकांत तिला हेमॅटाइटच्या बारीक गोळ्या सापडल्या आणि पूर्वी पाणी असल्याचा भक्कम पुरावा हाती आला. स्पिरिटचे नशीब वेगळे. गुसेव्ह विवरात जुन्या सरोवराचा गाळ मिळेल ही आशा होती, समोर आला तो बेसॉल्ट.

हा काळा दगड महाराष्ट्राला परका नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर दख्खनच्या बेसॉल्टमध्येच उल्का आदळून झाले. बेसॉल्टमधली अशी विवरे पृथ्वीवर दुर्मीळ, म्हणून मंगळाचे अभ्यासक लोणारचे नमुने तपासतात. बटलर यांच्या कॅमेऱ्याला लोणारची वाट सापडली नाही. आयमॅक्सला साजेसा विषय होता तो.

मुंबई परिसरात महापडदा आला तो २००१ मध्ये, वडाळ्याच्या अ‍ॅडलॅब्ज आयमॅक्समुळे. तो पडदा सपाट नव्हता, घुमटाकार होता. घुमटावर दृश्य बघणाऱ्याच्या भोवती वळते, सरळ क्षितिजाला बाक येतो. मंगळाच्या ओसाड माळासारख्या दृश्यात हा बाक चटकन जाणवतो. वरळीच्या नेहरू तारांगणात १९७७ पासून घुमटाखाली बसून आकाश पाहायची सवय मुंबईकरांना होतीच, पण तिथे बाक खटकत नाही, कारण आकाश मुळातच तसे दिसते.

चित्रपट आला तेव्हा त्याचे दोन्ही नायक कामावर होते. ९० मंगळदिवसांसाठी पाठवलेल्या स्पिरिटचा शेवटचा संदेश मार्च २०१० मध्ये आला. ऑपर्च्युनिटी ४५ किलोमीटरहून अधिक चालली आणि जून २०१८ मधल्या धुळीच्या वादळात गप्प झाली. योगायोग असा की त्याच वर्षी मे महिन्यात ‘इन सॅटर्न्स रिंग्ज’ हा महापडद्याचा दुसरा माहितीपट आला. त्याचे दिग्दर्शक स्टीफन व्हॅन व्युरेन यांनी संगणकीय चित्रनिर्मिती टाळली आणि कॅसिनीसह इतर यानांनी व दुर्बिणींनी टिपलेली खरी छायाचित्रेच थर लावून हलती केली.