तळटीप : ‘ब्रेबर्नची मॅच’

१२. ब्रेबर्न : चर्चगेटजवळचे क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे मैदान, १९३७ साली खुले झाले. चिंचपोकळीकर लोकलने बोरीबंदरला उतरत आणि फ्लोरा फाउंटनवरून चालत तिथे पोचत. पहिली कसोटी डिसेंबर १९४८ मध्ये, वेस्ट इंडिजविरुद्ध. जुन्या प्रेक्षकांच्या बोलण्यात धावफलक क्वचितच येतो, माणसे मात्र हटकून येतात. १९६० साली ऑस्ट्रेलियाविरुद्ध अर्धशतक झाल्यावर अब्बास अली बेगकडे धावत जाऊन त्याचे चुंबन घेणारी तरुणी अनेकांना आजही डोळ्यांसमोर दिसते. आणि सलीम दुराणी! प्रेक्षकांनी ओरडून मागावा आणि त्याने षटकार द्यावा, असे नाते नंतर फार थोड्यांच्या वाट्याला आले. त्याची अखेरची कसोटीही इथलीच, फेब्रुवारी १९७३ मधली, इंग्लंडविरुद्ध. लेखकाने ती ज्या जिव्हाळ्याने सांगितली आहे, त्यातला एक शब्दही संपादनात कमी केलेला नाही. पुढच्या परिच्छेदातील क्लाइव्ह लॉइडच्या नाबाद २४२ धावा वानखेडेवरच्या आहेत (जानेवारी १९७५). तिकिटांच्या वाटपावरून क्लब आणि मुंबई क्रिकेट संघटनेचे बिनसले, तेव्हा संघटनेने हाकेच्या अंतरावर ते नवे स्टेडियम उभारले. त्यानंतर ब्रेबर्नवर कसोटी परतली ती थेट डिसेंबर २००९ मध्ये.